पाच चांदण्यांची शिवी

उत्तरेकडच्या आमच्या पेल्टोला गावात कुणी कुणाचं तोंडावर कौतुक करत नाही. करायचंच झालं तर "वाईट नाही" म्हणतात, आणि तेवढ्यानंही ऐकणाऱ्याचे कान लाल होतात. सायमा कांगसला तिच्या नवऱ्यानं, रेनोनं, लग्नाच्या दिवशी आपादमस्तक न्याहाळून "वाईट नाही" म्हटलं होतं. ते तिला जन्मभर पुरलं. पुन्हा म्हणायची गरज ना त्याला वाटली, ना तिला.

सायमा चिंध्यांच्या सतरंज्या विणायची. गावाच्या मालकीची एक जुनी इमारत आहे. पूर्वी तिथं सहकारी भांडार होतं. तिच्या पुढच्या दालनात सायमाच्या आईचा माग उभा. तो आत आणताना दाराची चौकट काढावी लागली होती, एवढं त्याचं धूड. आमच्याकडे घरात कुणी गेलं की आधी पास्टर येतात, मग शेजारणी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन येतात, आणि महिन्याभरानं घरातलं कुणीतरी कपड्यांचं बोचकं उचलून सायमाकडे जातं. गेलेल्याचे शर्ट, विजारी. सायमा बटणं काढून ठेवते, कापडाच्या पट्ट्या कापते, पट्ट्यांचे गुंडे करते आणि विणते. सतरंजी घरी गेली की दाराशी पडते आणि सगळे तिच्यावरून चालतात. जिवंतपणी ज्याचं कुणी ऐकलं नाही असा माणूसही मग सगळ्यांच्या पायाशी येतो.

पण अलीकडे धंदा बसला. तरणी पोरं शहरांकडे गेली. राहिली त्यांचे कपडे असे की ओढले की लांबतात, सोडले की आक्रसतात. त्यांची पट्टी होत नाही, वळवळणारी अळी होते. बोचकी यायची थांबली. तेवढ्यात बर्फावरच्या गाड्या भाड्यानं देणाऱ्या एका माणसानं त्या इमारतीवर डोळा ठेवला. गावच्या कौन्सिलनं सायमाला बोलावलं. अध्यक्ष शाळेत तिच्याच वर्गातला, त्यामुळे तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बोलला.

"दुकान चालताना दिसत नाही, सायमा. तळ्यावरचं बर्फ वितळेपर्यंत बघू. दिसलं चालताना, तर राहू दे. नाही तर..."

नाही तर माग कुठं जाणार, हेही ठरलेलं होतं. सायमाच्या घरात तो मावत नव्हता, आढ्याला टेकायचा. खाणीच्या जुन्या कचेरीत एक म्युझियम आहे. ते सांभाळणारा हॉस्किन्स लगेच हजर झाला. माणूस गोड, पण गिधाडं वाट बघतात तसा वाट बघणारा.

"मिसेस कांगस, काही काळजी करू नका. खिडकीपाशी ठेवू. भोवती दोरी बांधू, म्हणजे पोरं हात लावणार नाहीत. आणि मागावर बसायला एक पुतळी आणलीय मी. कपड्यांच्या दुकानातली आहे, जरा सडपातळ आहे, पण डोक्याला रुमाल बांधला की झाली आजी."

"विणता येतं का तिला?" सायमानं विचारलं.

हॉस्किन्स हसला. सायमा हसली नाही. त्या दिवसापासून मागावर बसली की तिला वाटायचं, आपण उठलो रे उठलो की ती सडपातळ बया येऊन बसणार.

आता सून. मारिसोल टेक्सासची. सायमाचा मुलगा आर्विड लाकडाचे ट्रक चालवतो, तो एकदा दक्षिणेला गेला आणि हिला घेऊन आला. पोरगी कष्टाळू, पण तिच्या तोंडात कौतुक मावायचं नाही. सूप गरम असलं तरी "अप्रतिम!" उकडलेला बटाटा खाल्ला तरी "जीव ओवाळून टाकावा असा!" सुरुवातीला सायमाला वाटायचं, आपली थट्टा चाललीय. मग कळलं, तिच्याकडे बोलतातच तसं, आणि तिनं सुनेला माफ केलं.

मारिसोल म्हणाली, "मॉम, गिऱ्हाईक इथं येत नसेल तर आपण गिऱ्हाईकाकडे जाऊ. ऑनलाइन दुकान काढू. लोक आपल्या माणसांचे जुने कपडे टपालानं पाठवतील, तुम्ही सतरंजी करून परत पाठवायची. सगळ्या देशात माणसं मरतात, कपडे काही एकट्या पेल्टोलात मागे राहत नाहीत."

सायमानं विचार केला. "हे वाईट नाही," ती म्हणाली. मारिसोल बिचारी हिरमुसली. ती अजून नवी होती.

मारिसोल कामाला लागली. खिडकीतला उजेड बघून सतरंज्यांचे फोटो काढले. एक लांबून, एक जवळून, एक कुणाचा तरी अनवाणी पाय ठेवून. पाय आर्विडचा होता, तो धुवायला लावला. कपडे कसे पाठवायचे, किती दिवस लागतील, माल बिघडला तर काय, सगळं सोप्या शब्दांत मांडलं. आणि म्हणाली, "आता प्रत्येक सतरंजीखाली दोन ओळी तुम्ही लिहा, मॉम. तुमच्या शब्दांत."

सायमानं लिहिलं. निळ्या सतरंजीखाली: "डावी कड जरा वाकडी आहे. लक्षात येत नाही, पण मला माहीत आहे." तपकिरी सतरंजीखाली: "हा रंग सगळ्यांना आवडेलच असं नाही." आणि सगळ्यात मोठ्या, सगळ्यात देखण्या सतरंजीखाली: "एवढी मोठी बहुतेक तुम्हाला लागणार नाही."

"मॉम, हे विकायला ठेवलंय की पळवून लावायला?"

"खरं आहे ते लिहिलंय."

"अहो, डावी कड वाकडी आहे हे देवालासुद्धा दिसत नाही!"

"त्याला बाकीची कामं आहेत."

बरीच ओढाताण झाली. शेवटी डावी कड राहिली आणि बाकीचं गेलं.

पहिली मागणी ओहायोतल्या एका बाईची आली. मारिसोल नाचली. सायमानं मात्र पत्त्याखालचा फोन नंबर बघितला आणि शेजारणीशी बोलावं तसा सरळ फोन लावला.

"मी सायमा कांगस, पेल्टोलाहून. तुम्ही सतरंजी मागवली. तुमच्याकडे दाराशी घालायला काही नाही का?"

"आहे की."

"फाटलंय?"

"नाही, चांगलं आहे."

"मग कशाला घेता?"

पलीकडे बाई म्हणाली, "खरंच की." दोघी बराच वेळ बोलल्या, बाईच्या गुडघ्यांबद्दल, ओहायोतल्या वाऱ्याबद्दल. मागणी रद्द झाली. फोन ठेवून सायमा खुशीत म्हणाली, "फार समजूतदार बाई होती."

मारिसोल डोकं धरून खुर्चीत बसली. त्या दिवशी तिनं फोन नंबर दिसणारी जागाच बंद करून टाकली.

बाकी दुकान मात्र नीट उभं राहिलं. लोक येत, फिरत, फोटो बघत आणि निघून जात. मारिसोलनं शोधून काढलं की अडचण विश्वासाची आहे. अनोळखी माणसाच्या हातात आपल्या मेलेल्या बापाचे शर्ट कोण देईल? नव्या गिऱ्हाइकाला आधीच्या गिऱ्हाइकांचे शब्द दिसायला हवेत. आणि आधीची गिऱ्हाइकं तर सगळं गाव होतं!

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी ती उभी राहिली. म्हणाली, "सायमाचा माग वाचवायचाय. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर तिच्या दुकानाबद्दल दोन शब्द लिहा, आणि खाली चांदण्या द्या. पाचापैकी."

सगळे कॉफी पीत राहिले. मारिसोलला वाटलं, दगडावर डोकं आपटलं. पण तिला ही माणसं माहीत नव्हती. आठवडाभर लायब्ररीत रांग होती. ज्यांनी जन्मात कॉम्प्युटरच्या कळफलकाला बोट लावलं नव्हतं ते एकेक अक्षर शोधत बसले होते. सायमाचा माग पुतळीच्या हाती जातोय, हे कुणाला सहन होणार?

पास्टरांनी लिहिलं: "पाय पुसले जातात." तीन चांदण्या.

शाळेची बस चालवणाऱ्या उर्होनं लिहिलं: "अजून फाटली नाही." तीन.

पोस्टातल्या विधवा बाईनं लिहिलं: "यांच्या शर्टांची करून दिली. मी रोज तिच्यावरून चालते. ठीक आहे." तीन. ही बाई लिहिताना रडत होती, असं लायब्ररीवाल्यानं सांगितलं.

पास्टरांच्या बायकोनं, इर्मानं, भावनेच्या भरात चार दिल्या. घरी जाऊन तिला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी परत येऊन तिनं एक काढून घेतली. "उगाच डोक्यात जायची तिच्या," म्हणाली.

सायमानं सगळं वाचलं. एकेक ओळ, कॉफी निवेपर्यंत. डोळे पुसले. गावाला आपल्याबद्दल एवढं वाटतं हे तिला माहीत नव्हतं.

मारिसोल आत आली, तिनं बघितलं आणि किंचाळली. "मॉम, बुडालो आपण!"

"का गं?"

"तीन! सगळ्यांनी तीन! बाहेरच्या जगात तीन म्हणजे भिकार!"

"मग बरं म्हणजे किती?"

"पाच."

"पाच तर शेवट झाला. उद्या मी याहून चांगली विणली तर त्यांनी द्यायचं काय?"

मारिसोलनं कोट चढवला. ती तडक इर्माकडे गेली.

"काकू, निदान तुम्ही तरी पाच करा हो!"

"खोटं लिहू म्हणतेस, पोरी?"

"खोटं कसं? तुम्हाला सतरंजी आवडते ना?"

"आवडते म्हणून तर तीन दिल्या. नसती आवडली तर मी लायब्ररीत पाय ठेवला असता का?"

गावानं सायमासाठी जीव तोडून केलं आणि दुकान बुडवलं. जे चुकून फिरकत होते तेही तीन-तीनच्या रांगा बघून पळाले. तळ्यावरचं बर्फ कडेनं काळं पडायला लागलं. हॉस्किन्स फीत घेऊन आला आणि माग मोजून गेला.

आता लेम्पी हारयू. तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही, जरी सायमाला ते आवडलं नसतं.

लेम्पीही विणणारी. एके काळी दोघी एकमेकींच्या घरी बसून पट्ट्या कापायच्या. मग एका वर्षी लेम्पीनं दुकानातून नवं कोरं कापड आणलं, ते फाडलं आणि त्याची सतरंजी विणून चर्चच्या विक्रीत मांडली. नवं कापड! आमच्याकडे हे जिवंत माणसाला पुरण्यासारखं. सायमा त्या सतरंजीपुढे उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वा! किती सुंदर! राजवाड्यात शोभेल!"

एखादीला चारचौघांत थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. तेव्हापासून लेम्पी सायमाशी बोलली नव्हती. पुढे लेम्पीचा माग तिच्या मुलानं एका हॉटेलवाल्याला देऊन टाकला. हॉटेलवाल्यानं त्याच्यावर कुंड्या मांडल्या. तरी सायमा काही तिला भेटायला गेली नाही.

सायमाची सून दारोदार पाच चांदण्या मागत फिरतेय, हे लेम्पीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "अस्सं? पाच हव्यात का बाईसाहेबांना?" आणि कोट घालून लायब्ररीत गेली.

तिच्या घरात भांडणाआधीची सायमानं विणलेली एक सतरंजी होती. तिच्याबद्दल तिनं लिहिलं: "अशी सतरंजी पृथ्वीच्या पाठीवर दुसरी नाही. हिच्यावर पाय ठेवायची माझी लायकी नाही. विणणारीच्या बोटांत देवदूत राहतात. मी रोज सकाळी हिच्यापुढे उभी राहते आणि मला रडू कोसळतं. राजवाड्यात शोभेल." खाली स्वतःचं पूर्ण नाव. आणि पाच चांदण्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. इर्मा वेलदोड्याचा पाव घेऊन आली, घरात कुणी गेल्यासारखी, आणि सायमाचा हात धरून बसली. उर्हो दारातूनच म्हणाला, "एवढं घाण मी आयुष्यात वाचलं नाही. कोर्टात जा, सायमा. मी साक्ष देतो."

सायमा मागावर जाऊन बसली आणि फणी अशी हाणायला लागली की खिडकीच्या काचा थरथरल्या. शेवटी थांबून म्हणाली, "मारिसोल, ते काढून टाक."

"मॉम, हात लावायचा नाही त्याला!"

"माझी अब्रू आहे ती."

"असू दे. चार दिवस असू दे."

चार दिवस लागलेच नाहीत. आधी ओरेगॉनहून एका बाईची मागणी आली: "रडवणारी सतरंजी अजून मिळते का?" मग नेब्रास्काहून एकाच्या आजोबांच्या विजारी आल्या, गुडघ्यावर ठिगळ लावलेल्या. मग मेन राज्यातून एका कोळ्याचे लोकरी शर्ट, खिशात अजून तंबाखूचा वास. टपालगाडी रोज दारात उभी राहू लागली. लोक लिहीत होते, बोटांत देवदूत असलेल्या बाईंनाच आमच्या आईचे झगे द्या. सायमा ते वाचून शरमेनं लाल व्हायची, आणि मग बटणं काढायला घ्यायची. त्या झग्यांचा काय दोष?

कौन्सिलचा अध्यक्ष येता-जाता टपालगाडीकडे बघायला लागला. तिकडे मारिसोलनं सासूचीच भाषा उचलली. म्हणाली, "वाईट नाही, मॉम." सायमाला सून पहिल्यांदा खरोखर आवडली.

आणि नेमकं त्याच वेळी पास्टरांनी घोळ घातला. त्यांनी शेजाऱ्यावरच्या खोट्या साक्षीबद्दल प्रवचन दिलं, सारा वेळ लेम्पीकडे बघत. इर्मा त्याच्या पुढची पायरी चढली: शनिवारी दुपारी बायकांची न्हायची वेळ असते तेव्हा तिनं आपल्या साउनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, दोघींनाही बोलावलं. साउनात भांडायचं नसतं; तिथं चर्चमध्ये वागतात तसं वागायचं, फक्त कपडे न घालता. दोघी आत आल्या आणि इर्मा "लाकडं आणते" म्हणून जी गेली ती आलीच नाही.

वरच्या फळीवर लेम्पी, खालच्या फळीवर सायमा. तापलेल्या दगडांवर लेम्पीनं पळीभर पाणी ओतलं. वाफ चर्र करून उठली.

"पास्टर म्हणतात, मी चुकले," लेम्पी भिंतीकडे बघत म्हणाली. "मी लिहिलं ते काढून टाकीन म्हणते. सोमवारीच."

सायमानं मान वर केली. ज्या गोष्टीसाठी तिनं आधी देवाला विनवलं असतं ती समोर चालून आली होती.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"काढू नकोस."

लेम्पी खाली वाकून बघायला लागली. "तुला कळलं ना मी काय लिहिलंय?"

"शब्द न् शब्द."

"मी तुला शिवी दिलीय, सायमा."

"माहीत आहे. चांगली दिलीयस. पण ती वाचून लोक सतरंज्या मागवतायत."

लेम्पीनं पाणी ओतायचं विसरून पळी तशीच धरली. "माझी शिवी खपतेय?"

"बरी खपतेय."

"त्या बाहेरच्या लोकांना ती खरी वाटली?"

"अक्षर न् अक्षर."

लेम्पीनं पळी बाजूला ठेवली. हयातभरात तिनं एकच सूड घेतला होता, आणि तोही वैरिणीच्या कामी आला होता. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की सायमाचा माग आता तिच्या एका बोटावर उभा आहे. सोमवारी लायब्ररीत जाऊन ते बोट टेकवायचा अवकाश. वर पास्टरांचा आशीर्वाद.

"पास्टरांना शब्द दिलाय मी," ती सावकाश म्हणाली. "मोडायचा म्हणजे जिवावर येतं."

"काय हवंय ते बोल."

"मंगळवार आणि शुक्रवार."

"कशाला?"

"मागावर बसायला." एवढं बोलून लेम्पीनं तोंड पुसलं. वाफेनं असेल. "माझ्या मागावर कुंड्या ठेवल्यात, सायमा."

सायमानं आईचा माग डोळ्यांपुढे आणला. त्याच्यावर लेम्पीचं बूड. लेम्पी फणी उशिरा मारते, कडा सैल सोडते, आणि नवं कापड फाडणारी बाई उद्या काय करेल याचा नेम नाही.

"पुतळी निदान गप्प बसली असती," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"मंगळवार दिला."

"आणि शुक्रवार."

"आणि शुक्रवार. पण जुनं कापड. चिंधी म्हणजे चिंधी."

लेम्पीनं पळीभर पाणी ओतलं. हा होकार होता.

पास्टरांना सांगितलं की दोघींचं जमलं. त्यांनी आपल्या प्रवचनाची ताकद मानली आणि पुन्हा काही विचारलं नाही. शिवी जागच्या जागी राहिली, लेम्पीच्या नावासकट. ती अजून तिथं आहे. वाटेल त्यानं वाचावी. सायमा मात्र तेवढी जागा हातानं झाकून बाकीचं वाचते.

बर्फ वितळलं. कौन्सिलची बैठक कॉफीचा एक पेला संपेपर्यंत आटोपली. अध्यक्ष खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दुकान चालताना दिसतंय," आणि बर्फावरच्या गाड्यांना गावाबाहेरचं गोदाम मिळालं. माग हलला नाही.

पुढच्या मंगळवारी सायमा घरी बसणार होती. तिनं कणीक भिजवली, भांडी घासली, घासलेली परत घासली. मग ओरेगॉनच्या बाईचं काम राहिलंय हे तिला आठवलं आणि ती दुकानात गेली, फक्त बघायला.

लेम्पी मागावर होती. पाठ ताठ, धोटा इकडून तिकडे पळत होता. बाजूला नेब्रास्काच्या आजोबांच्या विजारी पडल्या होत्या.

"आज मंगळवार आहे," लेम्पी मान न वळवता म्हणाली.

"माहीत आहे. कात्री राहिली होती माझी."

"आलीच आहेस तर पट्ट्या काप. मला पुरत नाहीत."

सायमा दुकानाची मालकीण. नाव तिचं, माग तिच्या आईचा. तिनं स्टूल ओढलं, विजारीची शिवण उसवली आणि कापायला लागली. मागावरून लेम्पीचा हात आला, एक पट्टी उचलून उजेडाकडे धरली आणि परत टाकली.

"जरा बारीक," लेम्पी म्हणाली.

सायमानं ती पट्टी मधून चिरली आणि बारीक कापायला घेतलं.